दोन पदव्यांच्या मधला पेपर

भारतात राज्यघटनेपेक्षा मोठं काहीच नाही. दिल्लीतल्या फरीदाबाद रस्त्यावरच्या एका संध्याकाळच्या कॉलेजात मात्र तिचा पेपर आपल्याकडे धरायला कुणीच तयार नव्हतं.

"पण तू त्यात पास झालीयेस ना?" कुमुदच्या नवऱ्याने, श्रीरंगने विचारलं.

"झालेय की!" कुमुद तिळाचे लाडू वळत म्हणाली. "एम.ए. आणि एलएल.बी. एकत्र केलं, तर सामाईक विषय एकाच पदवीत धरायचा, असा नियम आहे. लॉचे भाटिया म्हणतात, हा पेपर राज्यशास्त्राकडे धरा. राज्यशास्त्राचे माथुर म्हणतात, लॉकडे धरा. धरला कुणीच नाही. या महिन्यात मुदत संपतेय. मग दोन्ही पदव्या गेल्या."

कुमुद कारखानीस केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात स्टेनो होती. कोर्टात काय बोलायचं याची साहेबांची टिपणं बावीस वर्षं टाइप केल्यावर, एकदा आपणच जाऊन बोलावं असं तिला वाटू लागलं. काळा कोट तिने पहिल्याच वर्षी शिवून घेतला. तेव्हापासून तो आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये डांबराच्या गोळ्यांच्या सहवासात लटकत होता.

वीणाने येताजाता एक लाडू तोंडात टाकला आणि कळवळली. "आई, यार! हा लाडू आहे की हथौडा?"

"पाक पुढे गेलाय," श्रीरंग म्हणाला. "टाकून दे ते."

"बिल्कुल नाही. उद्या हेच न्यायचेत."

भाटिया आणि माथुर यांच्या खोल्या समोरासमोर होत्या. मधल्या व्हरांड्यात एक कूलर होता. त्याचं तोंड कुणाकडे असावं यावरून दोघांचं बोलणं बंद झालं होतं. जानेवारीत कूलर बंद होता, भांडण चालू होतं.

कुमुदने कूलरवर डबा ठेवला आणि दोन्ही दारं वाजवली. "सर, हमारी संक्रांत है. लड्डू लीजिए."

फुकटच्या लाडवाला दोघेही बाहेर आले. एकमेकांकडे न बघता दोघांनी एकेक लाडू तोंडात टाकला. दाढा अडकल्या. कुमुदला एवढाच वेळ हवा होता.

"भाटिया सर, आप कहते हैं संविधान लॉ का सब्जेक्ट नहीं है. तो मैं सबको यही बताऊँ?"

माथुर लाडवासकट हसले. तोंड उघडता येत नसल्यामुळे ते नाकातून हसले आणि ते जास्तच झोंबलं.

भाटियांनी घास अख्खाच गिळला. "किसने कहा नहीं है? लॉ का ही है! हमारे यहाँ गिनो!"

माथुरांचं हसू गेलं आणि लाडूही घशाखाली गेला. "वाह! संविधान इनकी जागीर है? पॉलिटिकल सायन्स में भी गिनो!"

"आप कौन होते हैं..."

"आप कौन होते हैं?"

कुमुदने कागद पुढे केले. दोघांनी सह्या केल्या. एकाने पेन मोडेल इतकी जोरात केली, दुसऱ्याने त्याहून मोठी केली. एका पदवीतही न बसणारा पेपर आता दोन्हींत बसला. नियम काल अपुरा पाळला जात होता, आज सरळ मोडला. पण तसं म्हणायला दोघांपैकी एकाला माघार घ्यावी लागली असती.

शिवाय लॉमध्ये तो पेपर धरल्यावर राज्यघटनेच्या विशेष गटातले तिचे चारही पेपर पूर्ण झाले. त्याचं वेगळं प्रमाणपत्र असतं, हे कारकुनाने सांगितलं तेव्हा तिला कळलं.

पदवीदानाच्या दिवशी ती स्टेजवर तीनदा गेली. तिसऱ्या वेळी माथुर आणि भाटिया दोघांनीही टाळ्या वाजवल्या, दुसऱ्याच्या आधी थांबायचं नाही म्हणून बराच वेळ. दुसऱ्या दिवशी श्रीरंगने ऑफिसला जायच्या चार्टर्ड बसमध्ये ड्रायव्हरपासून सगळ्यांना पेढे वाटले. "हमारी मिसेस," एवढंच तो प्रत्येकाला सांगत होता.

सरकारी नोकरीत असेपर्यंत वकिलीची सनद मिळत नाही. कुमुदला निवृत्त व्हायला तेरा वर्षं होती. कोट ती थंडीत ऑफिसला घालू लागली.