ओनेझिमच्या घरची चूल

मी चूल बोलतेय. मातीची नव्हे, ओतीव लोखंडाची, चार वाकड्या पायांची. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या अगदी उत्तरेला, जिथून नदीपलीकडे कॅनडा दिसतो, तिथल्या बटाट्याच्या शेतांत माझं घर आहे.

ओनेझिमच्या वडिलांनी मला घोड्यांच्या बर्फगाडीवरून घरी आणलं. मुलांचे ओले मोजे माझ्यावर वाळले, आजारी माणसं माझ्याशेजारी निजली. पुढे ओनेझिम लग्न करून रोझाल्माला घेऊन आला. पहिल्याच दिवशी तिची कुट्टूच्या पिठाची धिरडी करपली. "झकास!" तो म्हणाला. "पोत्यांना ठिगळं लावायला होतील." हे तिने पन्नास वर्षं ऐकलं.

मग ओनेझिमच्या फुफ्फुसांनी दगा दिला. नाकात नळी आली, नळीमागे विजेवर चालणारं ऑक्सिजनचं यंत्र. डॉक्टरांनी बजावलं, धूर नको आणि आग तर जवळपाससुद्धा नको, भडका उडेल. मुलीने, ज्योसेतने, भिंतींवर विजेचे हीटर बसवून दिले. मला मागच्या पडवीत ढकललं आणि माझ्यावर रंगाचे डबे रचले. मला राग आला नाही. त्याला श्वास हवा होता, आणि तो काही माझ्यापाशी नव्हता.

या जानेवारीत रेडिओ वादळाचं सांगू लागला. आधी पडताच गोठणारा पाऊस, मागून बर्फ, त्यावर कडाक्याची थंडी. गावात एकच धावपळ उडाली. दुकानातला पाव संपला, दूध संपलं. लोकांनी गाड्यांत पेट्रोल भरलं, न्हाणीघरातले टब पाण्याने भरून ठेवले. रोझाल्मानेही पाव आणून टेबलावर रचले.

"वादळ काय जेवायला येतंय?" ओनेझिम म्हणाला.

"तू गप्प बस. ज्योसेत म्हणते, आजच इस्पितळात जाऊन राहा."

"तिथलं सूप प्यायलीयस कधी? त्यापेक्षा वादळ बरं."

हसता हसता त्याला ढास लागली. ती बराच वेळ त्याची पाठ चोळत राहिली. तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

संध्याकाळी पुतण्या आला, क्लोव्हिस. "काकू, जनरेटर कुठेच मिळेना. निदान चूल तरी आत घेऊ."

त्याने मला ओढत स्वयंपाकघरात आणलं. ओनेझिम खुर्चीतून ओरडत होता, "अरे, पाय मोडशील तिचा! माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे ती!" धुराडं जोडून तो रात्री तिथेच राहिला. मला वाटलं, मी परत माणसांत आले.

दुसऱ्या दिवशी झाडं मोडू लागली. बंदुकीच्या बारासारखे आवाज येत होते. तारा बर्फाने मनगटाएवढ्या जाड झाल्या आणि तुटल्या. दिवे गेले. यंत्र एकदा चिरकलं आणि थांबलं.

रोझाल्माने ऑक्सिजनचा राखीव सिलिंडर नळीला जोडला. घर गारठत चाललं, तेव्हा मला पेटवलं. पण जिथे मी, तिथे तो सिलिंडर चालणार नव्हता. म्हणून ओनेझिम दार लावून आतल्या खोलीत, गोधड्यांखाली कुडकुडत. आणि मी इकडे तापून लाल. रोझाल्मा माझ्यावर विटा तापवायची, फडक्यात गुंडाळून त्याच्या पायांशी नेऊन ठेवायची. गार झालेल्या परत आणायची.

"रस्त्यात झाडं पडलीत, गाडी जाणार नाही," क्लोव्हिस म्हणाला. "मी चालत जातो. अग्निशमन केंद्रात सिलिंडर असतील." आणि तो गेला.

सकाळ उजाडली आणि सिलिंडर संपला. ओनेझिम भिंत धरून स्वतःच स्वयंपाकघरात आला. नळी काढून टाकलेली होती.

"आता कसली भीती? मला जरा शेकू दे."

"क्लोव्हिस येईल," रोझाल्मा म्हणाली.

"येईल की. शब्दाचा पक्का आहे. तोवर खुर्ची पुढे घे."

त्याचे ओठ निळे पडले होते, पण हातांना ऊब आली. ते हात तिने धरून ठेवले. बऱ्याच वेळाने, एकेक शब्दाला थांबत तो म्हणाला, "तुझं ऐकायला हवं होतं."

"आयुष्यात कधी ऐकलंयस?"

तो हसला. आवाज फुटला नाही.

क्लोव्हिस आला तेव्हा दुपार झाली होती. खांद्यावर सिलिंडर, भुवयांवर बर्फ. दारातूनच त्याने हाक मारली, "काका—" आणि खुर्चीकडे पाहून थबकला.

"चूल पेटलेली आहे," रोझाल्मा शांतपणे म्हणाली. "सिलिंडर बाहेर ठेव."

वीज काही दिवसांनी आली. वडिलांना मूठमाती दिल्यावर ज्योसेत आईला न्यायला आली. आई गेली नाही. हीटर चालू असतानाही ती मला रोज पेटवते आणि माझ्यापुढे बसून राहते.

रेडिओ आज पुन्हा वादळाचं सांगतोय. तुमच्याही घरी कधी असं सांगतील आणि कुणी म्हणेल, चला, वेळेवर निघू. तेव्हा थट्टा करू नका, निघा. मागे राहून माझ्यासारखीवर भिस्त ठेवू नका. मी खोली तापवते. तेवढंच येतं मला.