जिंकलेला पटर

“वाकू नका, वॅटी,” कर्स्टी म्हणाली.

“वाकतोय कुठे? मी असाच उभा राहतो.”

असाच म्हणजे, ओहोटीला शिंपले वेचणाऱ्या बाया वाकतात तसा. वॅटी लम्सडेन चांगला सहा फूट उंच, सडसडीत माणूस; पण हातात पटर आला की कमरेत मोडायचा आणि नाक गुडघ्याला टेकवायला निघायचा. सदुसष्टीच्या माणसाला उभं राहायला काय शिकवायचं, म्हणून कर्स्टीने नुसते तीन चेंडू त्याच्यापुढे ठेवले. तिच्या गोल्फच्या काठ्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत हिरवा गालिचा अंथरलेला होता आणि त्याच्या टोकाला एक खळगा होता. वॅटीने चेंडू ढकलला. तो खळग्याच्या उजव्या काठाला चाटून पुढे गेला. दुसराही उजवीकडून गेला. तिसऱ्याची तर गोष्टच नको.

“हे सगळ्या गावाला ठाऊक आहे,” वॅटी म्हणाला. “तू आणखी काय तपासणार?”

खरंच ठाऊक होतं. बाकीच्या काठ्यांनी चेंडू लांब मारायचा आणि शेवटी हिरवळीवर आल्यावर पटरने हलकेच खळग्यात ढकलायचा. त्यात काय एवढं, असं ज्याने कधी पटर धरला नाही त्यालाच वाटतं. पिटगार्व्ही गावात एखादी गोष्ट थोडक्यात हुकली की लोक म्हणत, ‘वॅटीच्या उजवीकडून गेली.’ बस चुकली, नोकरी हुकली, जुळलेलं लग्न फिसकटलं, सगळं वॅटीच्या उजवीकडून. तोही हसायचा. आयुष्यभर त्याने बेकरीची गाडी किनाऱ्यावरच्या गावांतून फिरवली होती. दारोदार पाव देणाऱ्याने लोकांचं बोलणं मनाला लावून घेतलं तर धंदा कसा व्हायचा? एकच वाक्य मात्र त्याला आतपर्यंत टोचायचं. बापाचा पटर मिळाला, बापाचे हात नाही मिळाले.

आता तो पटरही जाणार होता. गावच्या क्लबला शंभर वर्षं होत होती. हा काही साहेबांचा क्लब नव्हे. कोळी, गवंडी, सुतार, बेकरीवाले, जो तो काम आटोपून समुद्राकाठच्या रेताड माळावर खेळायला येई. चिटणीस ह्यू गेडीसने काचेचं कपाट करून घेतलं होतं आणि त्यात ॲलेक लम्सडेनचा पटर ठेवायचा ठरवला होता. शनिवारी समारंभ होता. वॅटीने विचारल्याबरोबर हो म्हटलं, आणि घरी येऊन दोन दिवस धड जेवला नाही. शेवटी त्याची बायको एल्स्पेथ वैतागली. पटर देतोयस, मूत्रपिंड नाही, असं म्हणून तिने त्याला कर्स्टीकडे पिटाळलं. आपल्या खेळाला बसेल असा दुसरा पटर घेऊनच ये, अशी ताकीद दिली.

ॲलेक म्हणजे वॅटीचा बाप. होड्या बांधायचा. हाताला सोनं आणि तोंडाला कुलूप. अठ्ठावन्न साली शेवटच्या हिरवळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधल्या उंचवट्याला वळसा घालून, त्याने चेंडू खळग्यात घातला आणि गावाचा कप जिंकला. तो चेंडू किती लांबून घातला हे विचाराल तर दरवर्षी दोन हात वाढवून सांगतात.

आणि पिटगार्व्हीचा एक कायदा आहे. कुठे लिहिलेला नाही, पण बायबलातल्या दहा आज्ञांच्या खालोखाल मानतात. जिंकलेल्या पटरला हात लावायचा नाही. दांडा घासायचा नाही, डोकं वाकवायचं नाही, मूठ सोलायची नाही. चामडं झिजलं तर वरूनच नवं गुंडाळायचं. मागे एका गवंड्याने कप जिंकल्यावर हौसेने मूठ बदलली, तर पुढे त्याला चेंडू दिसेना आणि खळगाही दिसेना. मोतीबिंदू असेल हो, पण कायदा तो कायदा.

तर असा तो पटर ॲलेकने त्याच हिवाळ्यात तेरा वर्षांच्या पोराच्या हातात दिला. “घे. आता हा तुझा,” एवढंच म्हणाला. पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा कपाच्या अंतिम सामन्यात पोचला, पण दुकानातला कोरा करकरीत पटर घेऊन. काठ्यांची बॅग वॅटीच्याच खांद्यावर होती. शेवटच्या हिरवळीवर चेंडू खळग्यापासून हातभर अंतरावर राहिला होता, आणि तो ॲलेकने चुकवला. घरी येताना बाप पुढे, पोरगा मागे. चकार शब्द झाला नाही.

गावाने निकाल दिला, नव्याचा सोस नडला. लक्ष्मी घरात होती ती पोराच्या गळ्यात मारली आणि चकाकणाऱ्या खेळण्यामागे धावला. पोराचंही मत तेच झालं. बापाला जुना पटर नकोसा झाला म्हणून आपल्याकडे फेकला, आणि वर गावाची बोलणी आपल्या वाट्याला आली. ॲलेक त्यानंतर कधी अंतिम सामन्यात आला नाही. वॅटी बाविशीत असताना तो छातीच्या दुखण्याने गेला. वॅटीच्या मनातली अढी मात्र गेली नाही.

कर्स्टीने जुना पटर आपल्या बोटावर आडवा तोलला. त्याचं टोक जमिनीकडे झुकलं.

“हा नाक खाली घालतो, बघा. म्हणजे याचं डोकं दारासारखं उघडतं आणि मिटतं. ज्याचा हात गोलाईत फिरतो त्याला हा झकास. तुमचा हात सरळ मागे जातो, सरळ पुढे येतो. तुमच्या हातात दार उघडतं, पण मिटायच्या आत चेंडू निघून जातो.”

“उजवीकडे.”

“उजवीकडे,” कर्स्टी म्हणाली.

मग तिने एकेक नवा पटर काढला. पहिल्याचं डोकं एवढं रुंद की वॅटीने विचारलं, हिरवळीला इस्त्री करायची आहे का. दुसरा हातात जड वाटला. तिसरा तिने बोटावर ठेवला, तर त्याचं तोंड सरळ छताकडे बघत राहिलं. तुमच्यासारख्या सरळ हाताला असाच लागतो, ती म्हणाली. तो जुन्यापेक्षा चांगला चार-पाच इंच लांबही होता. वॅटीने धरला आणि त्याची पाठ आपोआप वर आली. डोळे चेंडूच्या नेमके वर आले. चेंडूपासून खळग्यापर्यंतची रेघ त्याला अशी दिसली, जशी कधी दिसलीच नव्हती. त्याने ढकलला. चेंडू आत पडला. दुसरा पडला. तिसराही पडला.

वॅटी स्टुलावर बसला. आनंद व्हायचा तर त्याला संतापच आला.

“इतकं सोपं असतं होय हे?”

कर्स्टी लहान असताना वॅटी गाडीतून तिला फुटका बन फुकट द्यायचा. त्याच्याशी कधी गप्प बसावं हे तिला कळत होतं. त्याचा हा संताप निवेपर्यंत एखादं काम करावं म्हणून तिने जुना पटर पकडीत बसवला. मुठीवरचं चामडं कुजलं होतं आणि कपाटात तो ॲलेकच्या जुन्या छायाचित्रातल्यासारखा दिसायला हवा, असं ह्यूने बजावलं होतं. सोलू का, असं तिने विचारलं. वॅटी आधी दचकला. मग म्हणाला, आता त्याने कुठे खेळायचंय, सोल.

चामड्याखाली चामडं, त्याखाली आणखी चामडं. वॅटीने वेळोवेळी कायद्याप्रमाणे वरूनच गुंडाळलेलं. सगळ्यात खाली चिकटपट्टीचे जाड वेढे होते. ते काढल्यावर कर्स्टीने दांड्याचं टोक खिडकीच्या उजेडात धरलं आणि पुष्कळ वेळ पाहत राहिली.

“वॅटी, तुमचे वडील किती उंच होते?”

“माझ्याएवढे. मला सगळे म्हणतात, तू कशाला वाकतोस, ॲलेक ताठ उभा राहायचा.”

“मग हा पटर ते ताठ उभे राहून कसे खेळले? हा कापलेला आहे.”

तिने टोक त्याच्यापुढे धरलं. पोलादावर करवतीची खूण होती आणि कड कानशीने घासून गुळगुळीत केलेली होती. कापल्यावर दांडा वर बारीक पडला, म्हणून वेढे देऊन जाडी भरून काढली होती. काम इतकं नेटकं होतं की करणारा कोण हे विचारायची गरज नव्हती. एवढा आखूड पटर सहा फुटी माणसाच्या कामाचा नाही, कर्स्टी म्हणाली. हा कुणा लहान मुलाच्या मापाचा केलाय.

वॅटीला ती संध्याकाळ आठवली. हिवाळा, बापाची शेड, रंधलेल्या लाकडाचा वास. बापाने त्याला दाराला टेकून उभं केलं, हात सैल सोड म्हणाला, आणि घडीच्या फूटपट्टीने मनगटापासून जमिनीपर्यंत माप घेतलं. पोराला वाटलं, पावसाळी कोट मिळणार. अख्खा हिवाळा त्याने त्या कोटाची वाट पाहिली. कोट आला नाही म्हणून तो बापावर रुसलासुद्धा होता.

त्याने दोन्ही पटर उचलले आणि घर गाठलं.

एल्स्पेथने मासे तळून ठेवले होते, ते तसेच गार झाले. त्याने सगळं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज फुटला, आणि चाळीस वर्षांच्या संसारात तिसऱ्यांदा ती त्याला रडताना पाहत होती. ज्या पटरने जग जिंकलं तो बापाने करवतीखाली धरला होता. गावाचा कायदा त्याला ठाऊक नव्हता का? चांगला ठाऊक होता. तो परत आपल्या कामाचा राहणार नाही हेही ठाऊक होतं. आणि पोरगा चार वर्षांत ताडमाड वाढला, बापापासून लांब लांब राहू लागला, आणि त्या आखूड पटरवर वाकत राहिला. बाप बघत होता. वाढवून देतो म्हणायला त्याचं तोंड उघडत नव्हतं आणि हा तर विचारायलाच जात नव्हता.

“शनिवारी सांगणार आहेस का?” एल्स्पेथने विचारलं.

तोच तर प्रश्न होता. गप्प बसलं तर बाप काचेच्या कपाटात जिंकलेला राहणार होता. सांगितलं तर गाव म्हणणार, जिंकलेल्या पटरला करवत लावली, मग हरेल नाही तर काय होईल. पन्नास वर्षं नव्याचा सोसवाला म्हटलं, आता कायदा मोडणारा म्हणतील. वॅटीने रात्रभर कूस बदलली, पण त्याचं काही ठरलं नाही.

शनिवारी क्लबाची खोली भरली होती. चहा होता, लोणी-बिस्किटं होती, भिंतीवर ॲलेकचं छायाचित्र होतं. ह्यूने भाषण ठोकलं. माणूस वाईट नव्हता, पण हातात कागद आला की त्याला चढायची. त्याने पितळी पाटी वाचून दाखवली, ‘अठ्ठावन्न साली ॲलेक लम्सडेन याने कप जिंकला तो पटर’. मग डोळे मिचकावून म्हणाला, एकोणसाठ साली नव्या खेळण्याचा सोस नडला, ते आज मोठ्या मनाने विसरू या. लोक हसले. मनात पाप नसलेलं, घरचं हसू होतं ते. याआधी वॅटीही त्यात हसला असता.

तो उठला.

“ह्यू, पटर घे, पण पाटी खोटी आहे. बाबा ज्याने जिंकले तो हा राहिलेला नाही. तो त्यांनी त्याच हिवाळ्यात कापला.”

“कापला? जिंकलेला पटर?”

“माझ्या मापाचा केला. तेव्हा मी एवढा होतो.” वॅटीने छातीशी हात धरून दाखवलं. “मूर्खपणा केला म्हणा हवं तर. पण सोस नव्हता. आपला मला दिला, म्हणून त्यांना दुकानातला घ्यावा लागला. त्याने हरले. मी बॅग घेऊन बाजूला उभा होतो आणि मला त्यांची लाज वाटत होती.”

मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांपैकी दोघांनी त्या दिवशीचा तो हातभराचा चेंडू डोळ्यांनी पाहिला होता. ते खाली बघत होते.

ह्यूचा आवाज उतरला होता. “पण वॅटी, त्यानंतर इतकी वर्षं होता तो. कधी बोलला कसा नाही?”

“मी कधी विचारलं नाही,” वॅटी म्हणाला.

ह्यूने पितळी पाटी उचलली, एकदा मनातल्या मनात वाचली, आणि उलटी करून टेबलावर ठेवली.