दादाची उजवी बाजू

आमच्या घरात मुळाक्षरं पाटीवर शिकलं नाही कुणी. खाली बाबांचं चष्म्याचं दुकान, वर आम्ही, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता. वर एक भलंमोठं अक्षर, खाली ओळीगणिक बारीक होत गेलेली. मी आणि दादा वाचायला शिकलो ते त्याच्यावर. तळाची ओळ तर इतकी पाठ, की जेवताना भांडण जुंपलं की आम्ही ती एकमेकांना शिवीसारखी ऐकवायचो.

दादाचा उजवा डोळा आळशी होता. हा शब्द बाबांचा. डोळा दिसायला छान, पण सगळं काम डाव्यावर ढकलून मोकळा. म्हणून लहानपणी बाबांनी त्याच्या डाव्या डोळ्यावर पट्टी बांधली, म्हणजे उजव्याला झक मारत कामाला लागावं लागेल. दादा ती पट्टी जिन्यातच उतरवायचा. गिऱ्हाइकांच्या पोरांना पट्टीवरून सज्जड दम भरणारे बाबा स्वतःच्या पोराला एवढंच म्हणायचे, "काय साहेब, पट्टी कुठं उडाली?" दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पुढं युद्ध तोंडावर आलं आणि विमानं चालवायला मुलं हवी झाली. दादा जाऊन परीक्षा देऊन आला तो हसतच. तिथल्या भिंतीवर आमचाच तक्ता होता. "डावा डोळा झाकून तळाची ओळ वाचा म्हणाले," दादा सांगत होता, "मी मनात म्हटलं, सुलटी वाचू का उलटी?" बाबांना हसून हसून ठसका लागला. मीही हसले. आई भाकऱ्या थापाव्यात तशा जोरानं चादरी झटकत होती, ती म्हणाली, "ह्यात हसण्यासारखं काय झालं?"

"अगं, पुढं चार चाळण्या असतात," बाबा म्हणाले. "त्यात गळेल आपोआप."

नाही गळला. त्याला उडायचंच होतं, लहानपणापासून, आणि ज्याला काही एवढं हवं असतं त्याला चाळण्या अडवत नाहीत.

तो गेला तेव्हा त्याला पुरती मिशीही फुटली नव्हती. दोन अधिकारी घरी आले, टोप्या काखेत धरून. शत्रूची विमानं अचानक आली, म्हणाले. कुठल्या बाजूनं आली हे त्यांनी सांगितलं नाही, आणि बाबांना विचारवलं नाही. तो प्रश्न मग आमच्याच घरात राहायला आला. आई गेली तीही त्याच्यावर एक अक्षर न बोलता. बाबांनी डोळे तपासणं सोडलं. काचा घासायचे, फ्रेमी जोडायचे, पण मागच्या खोलीत पाऊल टाकायचे नाहीत. ती खोली माझ्याकडे आली. मी कुठल्या कॉलेजात गेले नाही. जे शिकले ते त्या अंधारात, माणसांच्या चुका ऐकत.

दादाच्या शाळेत त्याचा फोटो लावलाय. दरवर्षी आम्हाला बोलावतात आणि दरवर्षी कुणीतरी उठून 'गरुडाची नजर' म्हणतं. बाबा त्या वेळी आपल्या बुटांच्या नाड्या बघत बसतात.

यंदा एका दुपारी एक गिऱ्हाईक आलं. उंच, पाठीचा कणा खुंटीसारखा, केस पांढरे. मी तपासणीची जड फ्रेम त्याच्या नाकावर ठेवली तर तक्त्याकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिला.

"तू तीच ना," म्हणाला, "दादाच्या बुटांत साखर भरणारी?"

ही गोष्ट घराबाहेर कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. माझ्या हातातली काच तशीच राहिली.

तो दादाच्याच तुकडीतला वैमानिक. आता निवृत्त होऊन लेकीकडे, ह्याच शहरात राहायला आलेला. "आधी यायला हवं होतं," म्हणाला. "चारदा समोरच्या फुटपाथवरून परत गेलो. शेवटी म्हटलं, डोळे तर खरंच गेलेत, त्या निमित्तानं जाऊ."

मग तो दादाबद्दल बोलत सुटला. दादा घोरायचा कसा, उधार आणलेला साबण परत कसा द्यायचा नाही. "आम्ही त्याला घुबड म्हणायचो. काही बघायचं तर अख्खी मान फिरवायचा पठ्ठ्या. आमची नुसती बुबुळं फिरायची, ह्याचं मुंडकं."

तो हसत होता. वर बाबा होते. हा वर जाणार, घुबडाची गोष्ट सांगणार, आणि बाबा तो प्रश्न विचारणार. इतकी वर्षं त्यांना तो विचारायला माणूस मिळाला नव्हता.

"एक ऐकाल?" मी म्हटलं. "बाबा विचारतील, शत्रूची विमानं कुठल्या बाजूनं आली. डावीकडून म्हणून सांगा."

"का?"

मी सांगून टाकलं. आळशी डोळा, पट्टी, पाठ केलेला तक्ता. त्यानं नाकावरची फ्रेम काढून जपून ट्रेमध्ये ठेवली. चकित झाल्यासारखा दिसला नाही. "बरं," एवढंच म्हणाला.

वर बाबांनी त्याला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. मी चहा ठेवला. साबण झाला, घोरणं झालं. घुबड त्यानं गाळलं. बाबा हसले, नाक पुसलं, आणि कपाची बशी दोन बोटांनी गोल फिरवत म्हणाले, "एक विचारू का? ती विमानं कुठल्या बाजूनं आली?"

"डावीकडून, काका."

"माझ्याकडे बघून सांगा."

बाबांनी जन्मभर लोकांच्या डोळ्यांत बघूनच पोट भरलंय. पाहुण्यानं मान वर केली, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि त्याचे खांदे उतरले.

"उजवीकडून."

बाबांनी मान हलवली, दुकानात एखादा नंबर अपेक्षेप्रमाणे निघाल्यावर हलवतात तशी. मला स्वतःचा राग आला, त्याचाही आला. पण पाहुण्याचं संपलं नव्हतं.

"त्याचा डोळा मला ठाऊक होता, काका. पहिल्याच महिन्यात कळलं. उजव्या खांद्यावर हात ठेवला की दचकायचा. डाव्या नाही. मी काही बोललो नाही, तोही नाही. पण उडताना मी त्याच्या उजव्या बाजूला असायचो. मागून घेतली होती मी ती जागा. तिकडचं मी बघायचो."

"मग त्या दिवशी?"

"सर्दी झाली होती मला." हे तो असं म्हणाला, जशी एखाद्यानं खुनाची कबुली द्यावी. "कान गच्च. तसं वर गेलं तर पडदा फाटतो, म्हणून डॉक्टरनं बसवून ठेवलं. माझ्या जागी नवा पोरगा गेला. त्याला काही ठाऊक नव्हतं."

"सांगायचं होतं त्याला," मी म्हटलं.

"त्याला सांगितलं असतं तर वरपर्यंत गेलं असतं. दादाला दुसऱ्या दिवशी घरी धाडलं असतं."

"घरी," बाबा म्हणाले. त्यांनी खोलीवरून एक नजर फिरवली, खुर्च्या, पलंग, दार, जणू तो बसला असता कुठं ते बघत होते. "म्हणजे इथं."

पाहुण्यानं कप बाजूला सारला.

"डोळ्याला कोण काय करणार, काका," तो म्हणाला.

"पट्टी," बाबा म्हणाले. "माझा धंदाच आहे तो."

मी कप उचलायला लागले तेव्हा बाबांनी विचारलं, "तो नवा पोरगा कुठं असतो आता?"

"आहे की. लांब असतो, म्हातारा झालाय आमच्यासारखा. आम्ही वर्षातून एकदा जमतो. दोन घोट गेले की त्याचं तेच सुरू होतं. त्यानं ओरडून सांगितलं होतं, उजवीकडे बघ. त्याला वाटतं, सांगायला उशीर केला. झोप लागत नाही त्याला अजून."

"आणि तुम्ही त्याला सांगितलं नाही, उशीर कशामुळं वाटला ते?"

"गेलेल्या मित्राची चहाडी करू?"

बाबा उठले. गुडघ्यांवर हात रोवून, टप्प्याटप्प्यानं. "फोन लावा त्याला."

"बाबा, राहू द्या ना," मी म्हटलं. "आता कशाला? शाळेत फोटो आहे त्याचा. लोक म्हणतील, लबाडी करून भरती झाला."

"झालाच होता. आणि आपण हसलो होतो." आवाज चढला नाही त्यांचा. "माझ्या पोराला लोकांनी बरं म्हणावं म्हणून दुसऱ्याच्या पोरानं किती दिवस जागायचं?"

आई असती तर ती म्हणाली असती काहीतरी; किंवा हेच म्हणाली असती, फार आधी, कुणी विचारलं असतं तर. तिला कुणी विचारलं नाही.

पाहुण्यानं मोबाईल काढला, हात लांब करून धरला, आणखी लांब केला. "जवळचं पार गेलंय तुमचं," बाबा म्हणाले आणि फोन माझ्याकडे द्यायची खूण केली. नंबर मी शोधला, मीच लावला. रिंग जात असताना मला वाटलं, उचलू नये. मग वाटलं, उचलावा. पलीकडे एका घोगऱ्या आवाजानं पाहुण्याचं टोपणनाव घेऊन "काय रे, जिवंत आहेस का?" म्हटलं, आणि बाबांनी फोन घेतला.

"तो नाही, मी बोलतोय. तुम्ही मला ओळखत नाही," बाबा म्हणाले. मग दादाचं नाव घेतलं, जे ह्या घरात फारसं घेतलं जात नाही. "मी त्याचा बाप. त्याला उजवीकडचं धड दिसत नव्हतं. मला माहीत होतं. तुम्ही उशीर केला नव्हता."

पलीकडून काहीच आलं नाही. पाहुणा खिडकीबाहेर बघत होता. बाबांनी फोन कानावर तसाच दाबून धरला, थोडं थांबले, आणि ऐकू गेलं नसेल म्हणून तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्यानं, म्हटलं.