भावोजींच्या गाडीचं जाड गॅस्केट

माझे भावोजी आयुर्विमा विकतात. आठवडाभर लोकांना सांगतात, माणसाचा काही भरवसा नाही हो. आणि रविवारी स्वतः जाऊन खात्री करून घेतात. शहराबाहेर गाड्या पळवायचा ट्रॅक आहे, तिथे त्यांची दोन दारांची टर्बो गाडी दोनशेच्या वर जाते. तेवढा वेळ ताई घरी बसून असते. त्या गाडीचं इंजिन मी बघते. इंजिनं बांधणं हाच माझा धंदा, त्यामुळे या पापात माझाही वाटा आहेच.

मार्चमध्ये गाडीचं पाणी कमी व्हायला लागलं. हेड गॅस्केट गेलं होतं. इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये एक पातळ पत्रा दाबून बसवलेला असतो, ते गॅस्केट. मी हेड उतरवून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी, भावोजी ऑफिसात असताना, ताई गॅरेजमध्ये आली. स्टूल दिलं तर बसली नाही. उघड्या इंजिनाकडे बघत म्हणाली, "हिला मंद करता येतं का गं?"

"कुणाला?"

"गाडीला. उघडलंच आहेस तर. पण त्यांना कळता कामा नये."

माझं डोकंच फिरलं. "अगं, नवरा तुझा, बोलायचं तू, आणि पान्हा मी फिरवू? जखम मांडीला आणि मलम शेंडीला!"

"तीन वर्षं बोलतेय. ते हो म्हणतात आणि हेल्मेट शोधायला लागतात."

"मग हेल्मेट लपव."

"लपवलं होतं. नवीन आणलं." मग खाली बघून म्हणाली, "माझ्यासाठी कर." ताईने आजवर माझ्याकडे साधी सुई मागितली नव्हती. झालं, विषय संपला.

मंद करायचा एक साधा उपाय माझ्या कपाटातच होता. पिस्टन वर येतो तेव्हा हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबतो. या गाडीत ते नऊ पट दाबलं जायचं. गॅस्केट एक मिलिमीटर जाड बसवलं की वर जागा वाढते आणि तेच दाबणं सव्वाआठ पटीवर येतं. इंजिन मवाळ होतं, पिकअप पडतो. मी बसवलं. दुसऱ्या कुणी गिऱ्हाइकाला न सांगता असं केलं असतं, तर मी त्याला भर बाजारात शिव्या घातल्या असत्या. बोल्ट आवळताना स्वतःलाच दोन घातल्या.

एरवी संध्याकाळ करणारे भावोजी पहिल्याच रविवारी दुपारी दोनला घरी परतले. ताईचा फोन आला. "आज मी जेवून चक्क झोपले गं!" तिचा आवाज ऐकून मलाही बरं वाटलं. बुधवारी भावोजी गॅरेजमध्ये डोकावले, उगाच टायरला लाथ मारली आणि विचारलं, "सगळं नीट बसलंय ना?"

"एकदम झकास," मी म्हटलं.

"हो, हो. मलाही तसंच वाटतंय." आणि गेले. माणूस सज्जन आहे हो, तीच तर पंचाईत आहे.

चौथ्या रविवारी सकाळी नऊला त्यांचा फोन आला. ट्रॅकवरून. "मेव्हणीबाई, तुझं गुपित फुटलं!"

"कसलं गुपित?"

"गाडी मरगळलेली वाटत होती. म्हटलं तुला सांगितलं तर वाईट वाटेल, म्हणून ट्रॅकजवळ टर्बोची कामं करणारा एकजण आहे, त्याच्याकडे नेली. त्याने चारही सिलिंडरमधला दाब मोजला आणि हसायलाच लागला. म्हणाला, बाईंनी जाड गॅस्केट घालून ठेवलंय, म्हणजे टर्बोची हवा वाढवायची तयारी आहे, तेवढं शेवटचं काम राहिलंय. मग वाढवली त्याने. अगं, येताना रस्त्यावरच काय पळत होती! मला सरप्राइज द्यायचं होतं होय तुला?"

करायला गेले एक आणि झालं भलतंच. जगभर लोक जाड गॅस्केट घालतात ते टर्बोची हवा वाढवायलाच. टर्बो इंजिनात हवा कोंबतो, आणि आतला दाब आधी कमी केला की जास्त कोंबता येते. हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. पण भावोजी मला विचारल्याशिवाय टायरमध्ये हवासुद्धा भरत नाहीत, या भरवशावर मी होते. आणि ते मला वाईट वाटू नये म्हणून दुसरीकडे गेले! सगळे एकमेकांना इतकं जपत होते की गाडी पूर्वीपेक्षा वेगवान झाली होती.

"गाडी ट्रॅकवर उतरवू नका," मी ओरडले, तोवर फोन बंद झाला होता. परत लावला तर घेईनात.

कारण भानगड तिथेच संपत नव्हती. पातळ गॅस्केट असलं की पिस्टनची कड हेडला चिकटायच्या बेतात येते आणि कडेचं मिश्रण मध्ये ढकलून देते. जाड गॅस्केटने ती फट वाढते. मिश्रण कडेला रेंगाळतं आणि वर हवेचा जोर वाढवला की नको त्या वेळी आपणहून भडकतं. भरधाव असताना पिस्टन फुटला तर तेल सांडणार ते आपल्याच मागच्या चाकांखाली. ट्रॅक वीस मिनिटांवर होता, मी अकरा मिनिटांत पोचले. या घरातला सगळ्यात बेफाम ड्रायव्हर मीच निघाले.

भावोजी हेल्मेट घालून रांगेत दुसरे होते. मी जाऊन सरळ बोनेटवर बसले.

"अगं, रंग!" भावोजी म्हणाले.

"रंग गेला खड्ड्यात. उतरा खाली." आणि तिथेच, त्यांच्या तीन मित्रांसमोर, सगळं सांगून टाकलं. गॅस्केट, सव्वाआठ, ताई, सगळं. लाज वाटत होती, पण थांबले असते तर परत बोलणं झालं नसतं.

भावोजींनी हेल्मेट काढलं. चेहरा लालबुंद. "म्हणजे तुम्ही दोघी बहिणी मिळून मला मूर्ख बनवत होतात? महिनाभर?"

"हो."

"एवढी भीती वाटते तिला? आणि माझ्याशी बोलायला काय झालं होतं?"

"तीन वर्षं बोलतेय ती."

"ते आपलं बायका बोलतात तसं!" म्हणाले आणि फोन काढला. "थांब. आत्ता विचारतो. सगळ्यांसमोर विचारतो." फोन स्पीकरवर टाकून बोनेटवर ठेवला. मित्र उगाच बुटांकडे बघायला लागले.

ट्रॅकवरून त्यांनी ताईला कधी फोन केला नव्हता. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत फोन उचलला गेला. ताईच बोलली. आवाज अगदी शांत, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसा.

"बोला. कोणतं हॉस्पिटल? मी निघालेच आहे. त्यांचा रक्तगट बी पॉझिटिव्ह आहे आणि पेनिसिलिन चालत नाही त्यांना."

एका मित्राने फोन भावोजींकडे सरकवला.

"हॅलो? शुद्धीवर आहेत का ते? एवढंच सांगा."

भावोजी फोनवर वाकले. "अगं, मी आहे. मीच बोलतोय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मग ताई रडायला लागली. ताईला असं मोठ्याने रडताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. भावोजींनी स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"नाही, काही झालं नाही," ते म्हणत होते. "नाही गं. अजून गाडी ट्रॅकवर उतरवलीच नाही. निघालो. तुझ्या बहिणीबरोबर येतोय, तिच्या गाडीतून. नाही, हळू चालवायला सांगतो."