अर्धा गेलेला फोटो

गुरुवारपासून रेलीनचा कॉम्प्युटर रुसला होता. हवामानाचं पान उघडावं तर ते घटकाभर विचार करायचं आणि मग उमटायचं. मेल उघडायला लावली की तोवर चहा पिऊन कप विसळून व्हायचा. दुसऱ्या कुणी चार शिव्या हासडून दिला असता नाद सोडून. रेलीनने मात्र उठून दारं-खिडक्या तपासल्या. तिचं सगळंच असं. फोन दोनदा वाजून बंद झाला तरी ती पडदा सारून रस्ता बघायची. अनोळखी गाडी फाटकाशी रेंगाळली की दिवा मालवायची. लोक म्हणत, भित्री आहे. म्हणू देत बापडे. डीनशी संसार त्यांनी नव्हता केला.

डीन म्हणजे तिचा नवरा. घटस्फोट होऊन कायद्याने सुटला होता, पण तो सुटणाऱ्यातला नव्हता. मिल्ड्युराहून ती लेकीला, टेगनला, घेऊन पळाली ती दूर वॉर्नमबूल गावाला. तिथे एक दिवस कामावरून परत आली तर हा स्वयंपाकघरात बसून टोस्टला व्हेजिमाइट फासत होता. कुलूप शाबूत, दार शाबूत. "ये, ये," हसून म्हणाला, "तुमचीच वाट बघत होतो." त्या संध्याकाळी टेगनचा हात मोडला. पुढे कोर्टाने त्याला जवळ फिरकायची बंदी केली, पण कोर्टाला भीक घालेल तर तो डीन कसला! म्हणून मग रेलीन समुद्र ओलांडून टास्मानियात आली, तीही पार टोकाला, स्टॅनलीत. गावाच्या डोक्यावर उभा असलेला जो कातळ, ज्याला सगळे नट म्हणतात, त्याच्या पायथ्याला तिने घर भाड्याने घेतलं. सख्ख्या बहिणीलाही पत्ता दिला नाही.

शनिवारी टेगन नेटबॉल खेळायला गेली आणि रेलीनने शेजारच्या कोरलला हाक मारली. कोरलचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजात गेला होता, आता ती लायब्ररीत म्हाताऱ्यांना कॉम्प्युटर शिकवायची. लॅमिंग्टन केकचा डबा काखोटीला मारून ती आली आणि खुर्चीत बसल्या बसल्या सुरू झाली.

"काय गं, काय केलंस बिचाऱ्याला? विव्हळतोय नुसता."

"मी हात नाही लावला. कोरल, कुणी आत शिरलं असेल का गं?"

"तुझ्या या खटाऱ्यात? काय न्यायला, भोपळ्याच्या स्कोनची कृती?"

कोरलने नको त्या गोष्टी काढून टाकल्या, मशीन बंद करून चालू केलं, मॉडेमची वायर काढून पुन्हा खोचली. ढिम्म फरक नाही. शेवटी तिने इंटरनेट कंपनीला फोन लावला. बराच वेळ कानाला रिसीव्हर लावून गाणी ऐकली, मग कुणाशी तरी हुज्जत घातली आणि फोन ठेवून खो खो हसत सुटली.

"अगं बये, तुझं शेपिंग केलंय त्यांनी!"

"माझं काय केलंय?"

"महिन्याचा कोटा संपवलास, म्हणून स्पीड कापलाय. आता महिनाअखेरपर्यंत गोगलगाय."

"मी मेल बघते आणि हवामान बघते. त्यात कसला कोटा संपतोय?"

"तू नाही गं संपवलास." कोरलचं हसू जरा ओसरलं. "बाहेर जाणारंही ते मोजतात. तुझ्याकडून कुणीतरी ओढतंय."

रेलीन तिच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

कोरलने चष्मा नाकावर चढवला आणि पडद्याच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी लपलेलं एक बारीकसं चित्र दाबलं. खिडकी उघडली. वर गाण्यांची नावं, खाली कसल्याशा हिरव्या पट्ट्या.

"हात्तिच्या! तुझ्या लेकीचे उद्योग. फुकट गाणी उतरवतात ना पोरं, तो प्रोग्राम आहे हा. यात आपणही दुसऱ्यांना द्यायचं असतं. जो जास्त देईल त्याचा नंबर आधी लागतो. मग पोरं काय करतात, अख्खं कपाटच उघडं टाकतात. हे बघ, तुझं सगळं डॉक्युमेंट्सचं फोल्डर जगाला खुलं आहे."

"जगाला म्हणजे?"

"म्हणजे ज्याला हवं त्याला. घाबरू नकोस गं, लोक गाणीच नेतात. आता इथे कोण आहे बघू... ब्लूटंग. हा कोण शहाणा?"

रेलीनने ते नाव दोनदा वाचलं. ब्लूटंग म्हणजे निळ्या जिभेचा तो जाडा सरडा, कुणाच्याही परसात सापडणारा. जगात हजार लोकांनी हे नाव घेतलं असेल. पण डीनच्या ट्रकच्या दारावर तो रंगवलेला होता, त्याच्या दंडावर गोंदलेला होता, आणि टेगनच्या मोडलेल्या हाताच्या प्लास्टरवर, बाप म्हणून सही करायच्या जागी, त्याने हसत हसत सरडाच काढला होता.

"त्याने काय नेलंय?" रेलीनने विचारलं.

"एक गाणं पुरं गेलंय, गुरुवारी. 'टेगन, झोप आता.' हे कुठलं गं गाणं? मी नाही ऐकलं कधी."

कसं ऐकणार? ते गाणं कुठेच नव्हतं. टेगन झाली तेव्हा डीनने गॅरेजात गिटार घेऊन ते रचलं आणि टेपवर भरलं होतं. पोरीने ती टेप आईच्या नकळत जपून आणली होती आणि गाणं कॉम्प्युटरवर चढवलं होतं. कितीही झालं तरी बाप होता तिचा, आणि त्या गाण्यात तो कुणाला मारत नव्हता. डीनने फक्त याच प्रोग्रामात त्या गाण्याचं नाव टाकून शोध घ्यायचा होता. साऱ्या जगात एकच कॉम्प्युटर सापडणार होता.

"आणि आता एक फोटो ओढतोय," कोरल वाचत होती, "'टेगन, शाळेचा पहिला..."

रेलीनने झेप घेऊन भिंतीतली वायर अशी हिसकली की मॉडेम धाडकन खाली आला.

मग तिने सगळं सांगितलं. स्टॅनलीत पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं, आणि सांगताना सारखी दाराकडे बघत होती. कोरलची थट्टा पार आटली. तिने रेलीनचे गार पडलेले हात चोळले, उठून मागच्या दाराला कडी घातली आणि पुन्हा पडद्यासमोर येऊन बसली.

"थांब. आधी बघू या नेमकं काय गेलंय. उगाच जीव टांगणीला नको. गाणं गेलं, त्यात पत्ता नाही. बाकी कशालाही त्याने हात लावलेला नाही. राहिला फोटो. तो निम्मासुद्धा गेला नाहीये."

"नक्की?"

"हे काय लिहिलंय इथे. तुझ्या शेपिंगचे पाय धर, बाई. लाइन धड असती तर चुटकीसरशी गेला असता. दाखव बघू, काय आहे त्यात."

रेलीनने फोटो उघडला. असले फोटो काढायचे नाहीत, हा तिचाच नियम होता. गावाची पाटी नको, शाळेचा बिल्ला नको, घराचा नंबर नको. पण त्या सकाळी गणवेश घालून टेगन फाटकात उभी राहिली आणि कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. आईचं मन, राहवलं नाही. बिल्ला दिसत होता. टपालपेटीवरचा नंबर दिसत होता. शेजारच्या खांबावर गल्लीचं नावसुद्धा.

"मेले मी," रेलीन म्हणाली.

"काही मेली नाहीस. नीट ऐक. अर्धवट फोटो उघडता येतो, खोटं कशाला सांगू? पण हा वरून खाली येतो, पडदा सोडल्यासारखा. गेलाय तो वरचा भाग. बिल्ला, नंबर, गल्ली, सगळं खाली आहे. थांब, दाखवतेच."

कोरलने ओट्यावरचं भांडी पुसायचं फडकं आणलं आणि पडद्याच्या खालच्या भागावर ताणून धरलं. टेगन झाकली गेली. फाटक झाकलं गेलं. टपालपेटी झाकली गेली.

"हे बघ. एवढंच आहे त्या मेल्याकडे. आभाळ, छप्पर आणि नट. बसू दे बघत!"

रेलीनला एकदम रडूच फुटलं. मग रडता रडता हसू आलं. कोरलही हसली, म्हणाली, आता चहा टाक आणि लॅमिंग्टन काढ. रेलीनने डोळे पुसले आणि फडकं घ्यायला हात पुढे केला.

तो हात तसाच राहिला.

फडक्यावर चित्र होतं. जेटीवरच्या दुकानात पर्यटकांसाठी ढिगाने ठेवलेली असतात तसलं ते फडकं, घरमालकिणीने भाडेकरूला दिलेलं. त्यावर सपाट डोक्याचा, कड्यासारख्या कडांचा काळा कातळ होता, आणि खाली ठळक अक्षरांत गावाचं नाव. फडक्याच्या वर, पडद्यावर, आपल्याच घराच्या छपरामागे, तोच कातळ उभा होता. रोज दात घासताना दिसणारा, कपडे वाळत घालताना दिसणारा. फोटो काढताना तिला तो दिसलाच नव्हता. कोरलने तर आत्ता त्याचं नावसुद्धा घेतलं होतं, तरी तिच्याही ध्यानात आलं नव्हतं. असला दुसरा कातळ अख्ख्या देशात नाही. कॅलेंडरावर आहे, बिस्किटांच्या डब्यावर आहे, मिल्ड्युरात सासूच्या फ्रिजवरच्या चुंबकावरसुद्धा होता.

"कोरल," ती म्हणाली, "नट."

कोरलने पडद्याकडे पाहिलं, मग हातातल्या फडक्याकडे.

गुरुवारी त्याला गाणं मिळालं. छपरामागचा कातळ कधी दिसला असेल, कोण जाणे. कालही असेल. फोटो ओढणारा कॉम्प्युटर मागे चालू ठेवून तो निघालाही असेल. मेलबर्नहून रात्री निघालेली बोट सकाळी बेटावर लागते, आणि तिथून गाडीने इथे यायला दुपारसुद्धा होत नाही. तो वाट बघत बसणाऱ्यातला नाही. आणि आला की त्याला नंबर लागणार नव्हता, गल्ली लागणार नव्हती. एवढंसं गाव. हातात तो अर्धा फोटो धरायचा आणि कातळ तसाच दिसेल तिथे जाऊन उभं राहायचं.

"पोलिसांना फोन करते," कोरल म्हणाली आणि रिसीव्हर उचलला.

मागच्या दाराची मूठ फिरली. कडी खडखडली.

"आई! कडी का घातलीये? उघड ना!"

रेलीनने दार उघडलं. घामाने निथळलेली टेगन आत आली आणि उंबऱ्यातच बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

"जिंकलो आम्ही! कॉम्प्युटर झाला का गं फास्ट?"

रेलीनने तिच्या डोक्यावरून, दाराबाहेर, फाटकापलीकडच्या रस्त्याकडे पाहिलं. मग खाली वाकून पोरीच्या नाड्या तिने स्वतःच्या हाताने पुन्हा घट्ट बांधल्या.

"बूट काढू नकोस, बाळा," ती म्हणाली.