वारा पडला होता

आमटीत मीठ कमी पडलं तरी ते कुणीतरी मुद्दाम कमी घातलंय असं मला वाटतं, असं माझी बायको शरफुन्निसा चारचौघांत सांगते. सांगू दे. रियाधच्या अल मलाझमधल्या एका खासगी हॉस्पिटलचं स्टोअर मी सोळा वर्षं सांभाळतोय. खोक्यावर छापलेली तारीख मी वाचतो, मग खोकं उघडून आतल्या पाकिटावरचीही वाचतो. दोनदा दोन वेगळ्या निघाल्या आहेत. तेव्हापासून 'मोहियुद्दीन फार संशयी' असं म्हणणाऱ्यांकडेही मी जरा संशयानेच बघतो.

त्यात डिसेंबरात शरफूच्या गळ्यात गाठ निघाली. थायरॉईडची. कॅन्सर नाही, पण वाढतेय, काढलेली बरी, असं ठरलं. तिथे आवाजाची नस अगदी चिकटून असते म्हणे, एवढंसं इकडेतिकडे झालं तर आवाज जाऊ शकतो. आता आमच्या घरात आवाज म्हणाल तर तो एकच. म्हसळ्याला लग्न असलं की हळदीची गाणी उचलायला हिलाच बोलावणं येतं, आणि इथे मला उठवायला, जेवायला बसवायला, चुकीची भाजी आणली म्हणून बाजारात परत पाठवायला तोच आवाज लागतो. तो गेला तर, हा विचार मी पुरा होऊच द्यायचो नाही.

अख्ख्या इमारतीत माझा विश्वास एकाच माणसावर होता. डॉ. अवंती. सर्जन, मूळच्या साताऱ्याच्या, वय चाळिशीच्या आसपास. आणि विश्वास का, तर त्या आमच्या क्वार्टरबॅक होत्या.

हसू नका. अमेरिकन फुटबॉल म्हणतोय मी, लांबट चेंडूचा, हाताने खेळायचा तो. पूर्वी अल खफजीला तेलकंपनीच्या कॅम्पात होतो, तेव्हा एका अमेरिकन फोरमनने मला त्याचं वेड लावलं. तिकडचे सामने इकडे भलत्या वेळी, म्हणून तो रेकॉर्ड करून ठेवायचा आणि ड्यूटी सुटली की आम्ही चहा घेऊन बघायचो. फ्रीजरमधला सोडला तर बर्फाला मी जन्मात हात लावलेला नाही, पण बर्फातले बाद फेरीचे सामने किती बघितले असतील त्याला गणती नाही. त्यात मी एक गोष्ट शिकलो. क्वार्टरबॅक म्हणजे दर वेळी ज्याच्या हातात चेंडू येतो आणि जो तो पुढे फेकतो. जिंकले तर सगळे जिंकतात, हरला तर तो एकटा हरतो. वारा सुटलाय, बर्फ पडतोय, चेंडू साबणासारखा निसटतोय, आणि हीटरसमोर पाय पसरून बसलेली मंडळी म्हणणार, याच्यात दम नाही. अरे शहाण्या, तू बाहेर जाऊन नुसती बादली धरून दाखव! तेव्हा वाईट हवेतल्या सामन्यावरून क्वार्टरबॅकला जोखायचं नाही, हा माझा पहिला नियम. दुसरा नियम असा की टीका करणाऱ्याला आधी विचारायचं, बाबा रे, तुला त्याची जागा पाहिजे का?

आमच्या हॉस्पिटलची टीम फ्लॅग फुटबॉल खेळते. त्यात कुणी कुणाला पाडत नाही; कमरेची कापडी पट्टी समोरच्याने ओढली की खलास, खेळ थांबला. हिवाळ्यात शुक्रवारी शहराबाहेरच्या एका कंपाऊंडच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या बंदिस्त वसाहतीच्या, मैदानावर सामने असतात, बायका-पुरुष मिळून. मी खेळत नाही, गुडघे दुखतात माझे. मी चेंडू सांभाळतो, मोबाईलवर शूटिंग करतो आणि मतं देतो. डॉ. अवंती हा खेळ अमेरिकेत शिकायला होत्या तेव्हा शिकल्या. मागच्या वर्षी धुळीच्या वादळात, समोरचा माणूस दिसत नसताना, त्यांनी लांबवर टाकलेला चेंडू बरोब्बर खेळाडूच्या छातीत जाऊन बसला. तेव्हाच मी ठरवलं होतं, माझ्या घरात कुणाला कापायची वेळ आली तर याच हातांनी कापायचं.

या जानेवारीत मात्र त्यांच्या हातून चेंडू निसटायला लागला. दोन सामन्यांत चार वेळा. हवा खराबच होती, एकदा धूळ आणि एकदा भुरभुर पाऊस. लगेच टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सहरचा मेसेज आला: 'क्वार्टरबॅक बदलायला हवा. डॉ. अवंतींना चेंडू धरता येत नाहीये.'

सहर म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली नर्स. बाणकोटची पोरगी, येऊन दीड वर्ष झालेलं. डॉ. अवंतींच्याच टेबलाशी उभी राहते, त्यांच्या हातात अवजारं देते. आणि टीममध्ये बदली क्वार्टरबॅक कोण? सहरच! मी मनात म्हटलं, सापडलीस बाय.

मी ग्रुपवर हा लांबलचक मेसेज टाकला. वारा किती होता, चेंडू कसा ओला होता, बर्फातल्या सामन्यांत मोठमोठे कसे फसले, सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, ज्यांना दुसऱ्याच्या जागेची घाई झालीय त्यांनी थोडा धीर धरावा. चौदा जणांनी अंगठे दिले. डॉ. अवंतींनी स्वतः लिहिलं, 'थँक्यू मोहियुद्दीनभाई, खूप बरं वाटलं.' सहरने दोन दिवसांनी एवढंच टाकलं: 'चाचा, हवा बघू नका, हात बघा.' त्यावर मी आणखी एक मेसेज टाकला, पहिल्याहून लांब.

गुरुवारी ती स्टोअरला आली. डॉ. अवंतींसाठी सहा नंबरचे ग्लोव्ह न्यायला. मी रजिस्टर पुढे केलं.

"चाचा, चाचींचं ऑपरेशन रविवारी आहे ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"थिएटरची लिस्ट लागलीय." तिने दाराकडे बघितलं. "चाचा, माझं एक ऐका. उद्या सेमीफायनलला मॅडमना बाहेर बसवायला सांगा. तुमचं सगळे ऐकतात. एक सामना बाहेर बसल्या तर त्या स्वतःच विचार करतील."

"कसला विचार?"

तेवढ्यात सुपरवायझर अदनान ट्रॉली घेऊन आत आला आणि ही गप्प. सही केली, ग्लोव्ह उचलले, गेली. मी बघतच राहिलो. चाचीचं नाव काढून मला पाघळवायला बघतेय, केवढी पोचलेली! घरी जाऊन शरफूला सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली.

"ती पोर आपल्याकडे येते ती बिर्याणी नको, तांदळाची भाकरी द्या म्हणून मागते. ती कपटी? तुम्हाला ना, नको तिथे संशय येतो आणि हवा तिथे येत नाही."

"तुला खेळातलं कळत नाही."

"माणसातलं कळतं," ती म्हणाली आणि गळ्यावर हात ठेवून आत गेली.

शुक्रवारी जुम्म्यानंतर आकाश पिवळं झालं. रियाधचा हा पाऊस तुम्हाला ठाऊक असेल तर असेल, आधी धूळ उठते आणि मग त्या धुळीतूनच पाणी पडतं, कपड्यांवर चिखलाचे ठिपके. मला तर आनंदच झाला. म्हटलं, आज पुरावाच गोळा करतो. पहिल्या मिनिटापासून मोबाईल धरून उभा राहिलो, कोपऱ्यावरचा झेंडासुद्धा चौकटीत येईल असा, म्हणजे वारा किती होता ते कुणालाही दिसावं.

डॉ. अवंतींच्या हातून चेंडू तीनदा सुटला. आम्ही हरलो. सगळे टॉवेल डोक्यावर घेऊन बसकडे पळाले. सहर चिखलाने भरलेली, सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बघितलंत?"

"बघितलं. पाऊस बघितला, वारा बघितला. आता ग्रुपवर नवीन काही लिहू नकोस."

तिचे डोळे भरले. "चाचा, सोळा वर्षं आहात तुम्ही इथे. आमच्यासारखीने मोठ्या डॉक्टरबद्दल काही बोलायचं तर कुठे बोलायचं? तुम्हीच सांगा. दुसऱ्या दिवशी इकामा, इथे राहायचा परवाना, राहील माझा? मैदानावर तरी बोलता येतं, क्वार्टरबॅकला कुणीही बोलू शकतं. म्हणून तिथे बोलले."

आणि गेली. मी म्हटलं, नाटकं! पण बसमध्ये तिचं ते 'कुठे बोलायचं' माझ्या डोक्यातून जाईना.

संध्याकाळी घरी चहा घेऊन बसलो आणि व्हिडिओ लावला. तिन्ही वेळचे तुकडे कापून ग्रुपवर टाकायचे, तोंडं बंद करायची, असा बेत. पहिल्या वेळी झेंडा ताठ उडत होता. वा! दुसऱ्या वेळी पाऊस एवढा, की माझी काचच ओली. तिसऱ्या वेळी झेंडा काठीला चिकटून सरळ खाली लोंबत होता.

मी मागे नेऊन पुन्हा लावलं. पाऊस थांबला होता. वारा पडला होता. तो चेंडू तर मीच टॉवेलने खसाखसा पुसून, कोरडा करून आत दिला होता. डॉ. अवंतींनी तो घेतला, हात अजून वरही गेला नव्हता आणि चेंडू बोटांतून खाली. कुणी जवळ नाही, काही नाही. मग त्यांनी उजव्या हाताकडे बघितलं आणि डाव्या हाताने करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट चोळलं. मी पहिला तुकडा बघितला. चोळलं होतं. दुसरा बघितला. चोळलं होतं.

आणि मग मला ते ग्लोव्ह आठवले. या अल्ला! डॉ. अवंतींचा नंबर साडेसहा. वर्षानुवर्षं साडेसहा. डिसेंबरपासून त्या सहा मागायला लागल्या, 'साडेसहा ढिले होतात, पकड येत नाही' म्हणून. चाळिशीत कुणाच्या हाताचा नंबर कमी होतो का? खोकं उघडून पाकीट तपासणारा मी, आणि ते ग्लोव्ह मी स्वतःच्या हाताने काढून देत होतो, रजिस्टरात सही घेत होतो. रविवारी माझ्या बायकोच्या गळ्यावर जो हात चालणार होता त्याचेच ते ग्लोव्ह.

रात्री शरफू काय बोलत होती ते मला एक अक्षर आठवत नाही. फक्त आवाज ऐकत होतो.

शनिवारी सकाळी स्टोअरमधून टीमचा चेंडू काढला, काखेत मारला आणि ओपीडीत डॉ. अवंतींच्या खोलीत गेलो. पहिला पेशंट यायचा होता. दार लावून घेतलं.

"मॅडम, हा धरा."

त्या हसल्या. "सीझन संपला ना, मोहियुद्दीनभाई?"

"धरा. एका हाताने. फेकायला धरता तसा."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हसणं थांबलं. हात पुढे केला. मी चेंडू त्यांच्या उजव्या हातात ठेवला. बंद खोली, एसी चालू, कोरडा ठणठणीत चेंडू. तीनचार सेकंद तो राहिला. मग टेबलावर पडला, पेनांचा डबा आडवा झाला, आणि आम्ही दोघंही पेनं घरंगळत खाली जाताना बघत बसलो.

"सहा आठवडे झाले," त्या म्हणाल्या. "दोन बोटं बधिर आहेत. कोपरात नस दबली असेल बहुतेक."

"बहुतेक?"

"तपासलं की कागदावर येतं. कागदावर आलं की थिएटर बंद."

"उद्या माझी बायको आहे टेबलावर!" मी ओरडलोच. सोळा वर्षांत डॉक्टरवर आवाज चढवलेला नव्हता. "माझी शरफू आहे, मॅडम!"

त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले.

"मागच्या आठवड्यात थिएटरमध्ये हातातून क्लॅम्प सुटला. सहरने वरच्यावर धरला. मी तिला म्हटलं, ग्लोव्ह ओला होता. ती काहीच बोलली नाही, तुम्हाला माहितीये, त्या मुलींना बोलता येत नाही. घरी गेले, झोप येईना. मग ग्रुपवरचा तुमचा मेसेज काढून वाचला. तीनदा वाचला. वारा, पाऊस, ओला चेंडू. इतकं पटवून लिहिलं होतंत तुम्ही, मोहियुद्दीनभाई. मला वाटलं, खरंच तेवढंच असेल."

राग कुठे गेला कळलं नाही. मी खाली वाकून पेनं गोळा करायला लागलो, कारण दुसरं काही करता येईना. त्यांनी डाव्या हाताने फोन उचलला आणि माझ्यासमोरच सर्जरीच्या हेडना सांगितलं की उद्याची माझी लिस्ट काढून घ्या, आणि माझ्या हाताची तपासणी आजच लावा. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "सहरला याचा त्रास होणार नाही. तिचं नाव मी घेणार नाही, माझंच घेईन."

घरी आलो. ग्रुप उघडला. मोठा मेसेज लिहायला घेतला, पुसला. बाईंचा आजार चव्हाट्यावर मांडायचा मला हक्क नव्हता. शेवटी लिहिलं: 'सहरचं बरोबर होतं. माझं चुकलं. मोहियुद्दीन.' एकही अंगठा आला नाही. थोड्या वेळाने सहरचा मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला एकट्याला.

'चाचींचं कोण करणार आता?'

बाकी काही नाही. मी म्हटलं होतं त्याबद्दल एक शब्द नाही. मी लिहिलं, 'दुसऱ्या डॉक्टरची तारीख घेतोय. तू टेबलाशी उभी राहशील ना?' तिचं 'हो' आलं आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून शरफू गरजली.

"ओ! चहा निवून पाणी झाला! कधीची ओरडतेय, ऐकायला येतं की नाही?"

"येतं," मी म्हटलं, आणि ती आणखी एकदा ओरडेपर्यंत जागचा हललो नाही.