मुळाशी एक जास्तीचं पेर

आमच्या कचेरीत मी किडे चिकटवते. सत्तावीस वर्षं झाली. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, म्हणजे नक्की काय करता? तर नक्की हेच करते. शेतातल्या सापळ्यांतून नळ्या येतात, नळ्यांत स्पिरिट आणि स्पिरिटात किडे. ते बशीत ओतायचे, ब्रशाच्या टोकाने एकेक उचलायचा, त्रिकोणी पुठ्ठ्याच्या टोकावर डिंकाचा थेंब लावून त्यावर बसवायचा, मग पुठ्ठ्याला टाचणी आणि टाचणीला चिठ्ठी. पुढचं शहाणपण साहेबांचं. पिकाचा शत्रू कोण, शत्रूचा शत्रू कोण, आणि यातला कोण अजून जगाला ठाऊकच नाही, ते साहेब बघतात.

मी लागले तेव्हाचे मोठे साहेब फार टापटिपीचे. पाय मोडलेला किडा दिसला की त्यांच्या कपाळाला आठी. नियम असा, की तुटलेला भाग त्याच टाचणीवर वेगळ्या पुठ्ठ्याला लावून ठेवायचा, जागेवर बसवायचा नाही. मी मात्र तो असा बेमालूम जागेवर बसवायचे की मोठे साहेब पाहुण्यांना माझं टेबल दाखवायला आणत. माझ्या टेबलावरून लंगडा किडा उठत नाही, असं मीही मिरवून घेतलं. मोठे साहेब गेले, पण सवय राहिली. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आत्ताच्या साहेबांना निवृत्तीला दोन महिने उरलेत. गुडघे कामातून गेलेत, हाताला कंप आलाय. नऊ नव्या जाती त्यांनी हुडकल्या, पण नऊंवरही पहिलं नाव मोठ्या साहेबांचं. राबले हे, हार घातले त्यांना. दहावी मात्र एकट्या ह्यांची होती. तिळाहून लहान माशी, खोडकिडीच्या अंड्यांत अंडी घालून ती संपवणारी, म्हणजे पिकाच्या बाजूची. तिला दोनांपैकी एकच मिशी उरली होती, पण त्या मिशीला मुळाशी एक जास्तीचं पेर होतं. असल्या माशांना सात पेरं असतात, हिला आठ.

अडचण एवढीच, की अशी माशी एकच होती. दुसरी मिळावी म्हणून चार वर्षं सापळे लावले. साहेब गुडघ्याला पट्टा बांधून स्वतः चिखलात उतरायचे आणि संध्याकाळी भिंतीला धरून जिना चढायचे. नळ्या यायच्या माझ्याकडे. हजारो माशा चिकटवल्या मी, मान आखडली, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला. सगळ्या निघाल्या सात पेरांच्या. शेवटी साहेबच कंटाळून म्हणाले, आहे त्या एकीवर शुक्रवारी लेख पाठवून देऊ.

सोमवारी लेखासाठी नव्या यंत्रावर तिचे फोटो काढले आणि मोठ्या पडद्यावर लावले. खोलीतले सगळे पेर बघायला पुढे झाले. मला पेराच्या बाजूला एक चकाकी दिसली. डिंकाचा थेंब होता तो, आणि थेंबाला डावीकडे ओढलेली बारीक शेपटी होती. मी डावखुरी आहे. माझा ब्रश उचलताना अशी शेपटी राहते, आणि ह्या कचेरीत दुसरं कुणी किडे चिकटवत नाही.

घरी जाताना सगळं आठवलं. चिठ्ठीवरची तारीख आई दवाखान्यात होती त्या आठवड्यातली. रात्री तिच्या उशाशी, दिवसा टेबलाशी, डोळे उघडे ठेवायला गालाला चिमटे काढत होते. बशीत एक सुटी मिशी तरंगत होती. जवळ जी माशी दिसली, तिला बसवून टाकली. म्हणजे चार वर्षं आम्ही दोघं माझ्या डिंकाचा थेंब शोधत फिरत होतो. मला रडूही आलं नाही, इतका शीण आला.

नवरा शिंपी आहे. तो म्हणाला, झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याचं म्हणणं, शिवण उसवली तर गिऱ्हाईक परत येतं, किडा काही तक्रार घेऊन येत नाही. दोन महिन्यांनी साहेब घरी, मग कोण बघतंय. मलाही ते पटलं. मंगळवार पटण्यात गेला, बुधवारही गेला. पण साहेब लेख मोठ्याने वाचून तपासत होते, आणि "मुळाशी एक जास्तीचं पेर" ह्या शब्दांवर आले की जरा थांबत होते. त्यांना आवडत होतं ते वाक्य. तेवढं मला ऐकवेना.

गुरुवारी दुपारी मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले आणि सांगितलं. सापडलेली मिशी, आईचं आजारपण, थेंबाची शेपटी, सगळं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"सोडवा," एवढंच म्हणाले.

आमचा डिंक पाण्यात सुटतो, मुद्दामच तसला वापरतात. कोमट पाणी ब्रशाने लावत राहिले. दहा मिनिटांनी मिशी अलगद निघाली. मी बाजूला झाले आणि ते सूक्ष्मदर्शकावर वाकले, बराच वेळ वाकलेले राहिले. माशीच्या डोक्यावर तिच्या स्वतःच्या मिशीचा खुंट शिल्लक होता. तेच जास्तीचं पेर. सुट्या मिशीला तिची सात होती. ही माशी आणि जिची ती मिशी होती ती, दोन्ही अगदी नेहमीच्या निघाल्या, चार खण भरून आहेत त्याच.

मी माफी मागितली. ते म्हणाले, आई आजारी होती तेव्हा तुम्हाला रजा द्यायला हवी होती, मीच दिली नाही. मग लेखाचे कागद सरळ करून त्यांनी टेबलाच्या कडेला ठेवले. मला वाटलं, संपलं.

"आधीच्या नऊ आहेत," ते म्हणाले. "त्यांत कुणाला काय बसवलंय, बाई?"

खोटं बोलायचं त्राण नव्हतं. "आठवत नाही, साहेब."

"तुमच्या हातचं असलं की मी कधी दुसऱ्यांदा पाहिलं नाही."

रागाने नाही म्हणाले. ते उठले, भिंतीच्या कपाटातून पहिला खण काढून आणला आणि टेबलावर ठेवला. पहिली जात, तीही मीच चिकटवलेली. मी सवयीने पाण्याची वाटी पुढे घेतली आणि ब्रश उचलला.

"तुम्ही बसा," ते म्हणाले. "ब्रश माझ्याकडे द्या."

त्यांचा हात थरथरत होता. मी ब्रश दिला.